जाहीर न होणारी कपात



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना कार्यकर्त्यांनी विषय माझ्यावर सोपवला. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी लालबाग-परळच्या चाळींत लोकांचे रेशनचे अर्ज भरले, पेन्शनच्या कागदांसाठी हेलपाटे घातले, इस्पितळाच्या रांगेत शेजाऱ्यांसोबत उभे राहिले. त्यांच्या नावाने बोलायचे, तर त्याच रांगेत उभ्या असलेल्या माणसांविषयी बोलावे, असे मला वाटले.

सरकारी मदत कमी झाली असे ऐकले, की मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून एखादी योजना बंद केली असेल, असे चित्र मनात येते. मुंबईत असे फार क्वचित घडते. योजना चालूच असते. तिचा फलकही जागेवर असतो. पात्रतेची उत्पन्नमर्यादा मात्र दहा-बारा वर्षे हलत नाही, रक्कम वाढत नाही, अनुदान वेळेवर पोहोचत नाही, कागद वाढत जातात. या चार मार्गांनी जी कपात होते, तिच्यावर ना चर्चा होते, ना मतदान. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे.

हे हक्क आले कुठून

गिरणगावाला ज्या सोयी मिळाल्या, त्या कुणी आयत्या आणून दिल्या नाहीत. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. तिने परळच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९२६ साली केईएम रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. गिरणीत राबणाऱ्या बाईचे बाळंतपण आणि तिच्या मुलाचे आजारपण डोळ्यांसमोर ठेवून ही दोन वाडिया रुग्णालये उभी राहिली.

याच परळच्या चाळीत राहिलेल्या आणि दामोदर हॉलमध्ये कचेरी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामकरी स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा असा पहिला कायदा. गरीब स्त्रीला मिळणारा पैसा ही दया नसून समाजाने स्वतःच्या भवितव्यासाठी करायचा खर्च आहे, हा विचार या वस्तीत राहिलेल्या माणसाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला.

रेशनचीही कथा अशीच. महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग आले. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत अहिल्याताई रांगणेकर, मृणालताई गोरे, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर, रॉकेल वाजवी भावात मिळाले पाहिजे, ही मागणी त्यांनी मंत्र्यांच्या दारात नेली. या इतिहासाची उजळणी मी एवढ्यासाठी केली, की आज या सोयींना खैरात म्हणण्याची पद्धत पडली आहे. आजीने मोर्चा काढून जे मिळवले, ते नातीने हात पसरून मागावे, अशी वेळ आपण येऊ देता कामा नये.

नोकरीबरोबर गेलेले सगळे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाची चर्चा आपण बहुधा पगाराच्या आणि जमिनीच्या अंगाने करतो. तिसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. कामगाराच्या हातात पगाराव्यतिरिक्त पुष्कळ काही होते: भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा आणि १९४८ च्या कायद्याने मिळालेला राज्य विमा. आजारी पडला, तर परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात किंवा वरळीच्या विमा रुग्णालयात उपचार मिळत, रजेच्या दिवसांचे पैसेही मिळत. गिरणीचा भोंगा थांबला, तेव्हा हे सारे एका फटक्यात गेले. तोच माणूस पुढे इमारतीचा रखवालदार झाला, दादरच्या बाजारात टोपली घेऊन बसला, कुणाच्या गाडीवर चालक झाला. त्याची बायको चार घरची धुणीभांडी करू लागली. कष्ट तेवढेच राहिले, त्यांच्यामागचे संरक्षण संपले.

त्या पोकळीत बायकांनी संसार सावरले, आणि त्यांच्या संस्था संपाच्या आधीपासूनच उभ्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापड अनेक घरांचा आधार झाला. हे काम मोठे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण स्त्रियांच्या संस्थांनी दाखवलेली हिंमत पुढे करून सरकारने आपला वाटा सोडून द्यावा, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. खानावळवाली डबा देऊ शकते. म्हातारपणाचे पेन्शन आणि मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च ती देऊ शकत नाही.

न हललेली रेषा

१९९७ पर्यंत रेशन सर्वांचे होते. त्या वर्षी लक्ष्यनिर्धारित व्यवस्था आली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे झाली. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा होती १५ हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. मुंबईत खोलीचे भाडे देऊन जगणारे कोणते कुटुंब एवढ्यात बसणार होते? शहरातला गरीब कागदावर गरीब उरलाच नाही.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्याने मोठा दिलासा दिला, हे मान्यच करायला हवे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा कायदेशीर हक्क झाला. पण शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली वार्षिक ५९ हजार रुपये. सगळ्या कुटुंबाची मिळून महिन्याला पाच हजारांहूनही कमी मिळकत. ही मर्यादा ठरून दहा वर्षे उलटून गेली. आज दुकानातल्या अकुशल नोकराचे किमान वेतनसुद्धा याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे मालकाने कायदा पाळला आणि नोकराने खरे उत्पन्न सांगितले, तर त्या घराचे धान्य बंद. ५९ हजार ते १ लाख या पट्ट्यातल्या मुंबईकरांच्या हातात केशरी कार्ड असते, दुकानात मात्र त्यांच्या नावाचे नियमित धान्य नसते.

दुसरी अडचण इष्टांकाची. राज्यात किती लोकांना धान्य द्यायचे हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून सुमारे ७ कोटी असा बांधला गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणून लोकसंख्या वाढली तरी आकडा तिथेच आहे. नव्या सुनेचे नाव, नव्या बाळाचे नाव चढवायला गेलेल्या बाईला शिधावाटप कार्यालयात ‘इष्टांक संपला’ असे उत्तर मिळते. कुणाचे तरी नाव गेल्याशिवाय हिचे नाव येत नाही.

आता निराधारांकडे पाहा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने खंगलेले अशा माणसांसाठी ती आहे. तिची रक्कम २०१९ साली हजार आणि २०२३ साली दीड हजार झाली, हे चांगले झाले. विधवेसाठी पात्रतेची उत्पन्नमर्यादा मात्र वर्षाला २१ हजार रुपये आहे. दिवसाला साठ रुपयेही नाहीत. लालबागच्या बाजारात कुणाची लसूण सोलून, कोथिंबीर निवडून दिवसाला शंभर रुपये मिळवणारी विधवा या मर्यादेत बसत नाही. तिच्यापुढे दोनच वाटा राहतात: खोटा दाखला काढायचा, नाहीतर हक्क सोडायचा. प्रामाणिक माणसाला अशा कात्रीत पकडणारा नियम समाजाचे नैतिक नुकसानही करतो.

वृद्धांसाठी केंद्राच्या योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसामागे केंद्र महिन्याला २०० रुपये देते. ही रक्कम २००७ सालापासून तीच आहे. तेव्हापासून भाव सुमारे तिप्पट झाले. म्हणजे आजच्या दोनशे रुपयांत तेव्हाच्या सत्तर रुपयांचे सामान येते. कुठल्याही अंदाजपत्रकात कुणी ही रक्कम घटवली नाही, तरी ती एक तृतीयांश उरली. कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेचेही तसेच आहे. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपयांवर थांबले आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे मशीनवर घालवलेल्या माणसाला त्यातून महिन्याचे रक्तदाबाचे औषध आणि दूध एवढेच सुटते.

रुग्णालयाच्या दारात

जानेवारी २०२० मध्ये परळच्या वाडिया रुग्णालयांत नव्या रुग्णांना दाखल करणे थांबले. आत असलेल्यांना घरी पाठवले जाऊ लागले. औषधांचा साठा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पैसे संपत आले होते, कारण महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडून येणारे अनुदान थकले होते. हिशेबावरून ट्रस्ट आणि महापालिका यांच्यात वाद होता आणि तो तपासायला हवा, यात शंका नाही. पण तो वाद चालू असताना दारातून परत कोण गेले? कोकणातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून आजारी लेकरू कडेवर घेऊन आलेली आई परत गेली. प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. पुतळ्यांसाठी पैसा असतो आणि सार्वजनिक आरोग्यासाठी नसतो, या आशयाचे कडक शब्द न्यायालयाला वापरावे लागले. राज्याने २४ कोटी रुपये मंजूर केल्याचे सांगितले. कर्मचारी, कामगार संघटना आणि परळकर रस्त्यावर आले, म्हणून दार उघडे राहिले.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. अनुदान नाकारले गेले नव्हते, ते फक्त उशिरा येत होते. श्रीमंताच्या घरी पैसे दोन महिने उशिरा आले, तर त्याची ठेव मोडते. गरिबाच्या घरी ते उशिरा आले, तर तापातले मूल उपचारांवाचून राहते. शिवभोजन थाळीही याच वाटेने गेली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली ही थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना आणि पुढे काही काळ मोफत मिळाली. तिने हमाल, फेरीवाले, रुग्णांचे नातेवाईक जगवले. नंतर केंद्रचालकांची बिले थकू लागली. केंद्रचालक म्हणजे बहुतेक ठिकाणी एखादा बचतगट किंवा लहान खानावळ. सरकारची उधारी त्यांनी किती महिने सोसायची?

आणि प्रसूती लाभाचे काय झाले? अन्नसुरक्षा कायद्यात गर्भवतीला किमान ६ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. २०१७ साली योजना आली तेव्हा रक्कम ५ हजार ठरली आणि तीही पहिल्याच अपत्यासाठी. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार देण्याचे ठरले. या हक्काची बाजू मांडणारे बाबासाहेब ज्या शहरात राहिले, त्या शहरातली घरकाम करणारी बाई आज आठव्या महिन्यापर्यंत जिने चढते, कारण काम सोडले तर ते दुसरीला जाते.

छोट्या रकमा, मोठा बोजा

कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, रेशनवर प्रत्येक माणसाला नेहमीच्या ५ किलोखेरीज आणखी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले. डिसेंबर २०२२ अखेर हे जादा धान्य बंद झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ५ किलो मोफत झाले. बातमी छापली गेली ती मोफत धान्याची. पाच माणसांच्या घरात मात्र ५० किलोऐवजी २५ किलो येऊ लागले. वाचलेले दोन-तीन रुपये किलो आणि बाजारातून घ्यावे लागणारे २५ किलो, यांचा हिशेब घरातल्या बाईलाच करावा लागला.

९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले. नायगावहून दोन ठिकाणी कामाला जाणाऱ्या बाईचे कमीत कमी दोन फेऱ्यांचे भाडे धरले, तरी महिन्याला अडीचशे रुपयांच्या वर बोजा वाढला. ज्या महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे होते, त्या शहरात बससेवेचा तोटा भरून काढायला सर्वांत आधी याच बाईच्या पर्सला हात घातला गेला.

याच्या जोडीला कागद आहेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, दरवर्षी हयातीचा दाखला, आधार जोडणी, ई-केवायसी. जुनी चाळ पाडून माणूस संक्रमण शिबिरात गेला, की पत्ता बदलतो आणि पत्त्याबरोबर दुकान, कार्यालय, कधीकधी नावही हरवते. भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. यातले प्रत्येक काम दिवसाच्या कामाच्या वेळेत करावे लागते आणि रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाची मजुरी सोडून ते करावे लागते. म्हणून फूटपाथवर राहणारे, परित्यक्ता, तृतीयपंथी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, परगावाहून आलेले मजूर हे यादीतून आधी गळतात. ज्याच्याकडे पत्ता नाही, त्याला सर्वांत जास्त गरज असते आणि त्याचाच अर्ज सर्वांत आधी परत येतो.

तिजोरीचा प्रश्न

मला विचारले जाईल, पैसे आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले होते. त्यात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. स्वतःच्या नावावर महिन्याला दीड हजार रुपये आल्याने घरातल्या बाईचा शब्द वजनदार झाला, असे अनेक चाळींत दिसते. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट. या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे आणि निराधार विधवेसाठीची २१ हजार. एकाच राज्याने गरिबीच्या दोन मोजपट्ट्या ठेवल्या आणि सर्वांत दुबळ्या माणसासाठी सर्वांत तोकडी वापरली. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचे मिळून सुमारे ७४६ कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनीच त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरिबाच्या ताटातले दुसऱ्या गरिबाच्या ताटात वाढणे, याला कल्याण म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट. निवडणुकीआधी घाईने नावे घेतली गेली आणि नंतर छाननी झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ थांबवण्यात आला. त्यांत अपात्र होते, पुरुषांची नावेही निघाली; ती गेलीच पाहिजेत. पण ज्यांची नावे चुकून गेली, त्यांनी दाद कुठे मागायची? प्रत्येकीला कारण लेखी कळवून आणि म्हणणे मांडायला मुदत देऊन मगच पैसे थांबवले असते, तर छाननीही झाली असती आणि न्यायही.

ब्रिटनमध्ये २०१० नंतर सरकारने कल्याणकारी खर्चात उघडपणे कपात केली. तिचे आकडे संसदेत मांडले गेले, न्यायालयांत आव्हाने दिली गेली आणि २०१८ साली संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप अल्स्टन यांनी देशभर फिरून तिच्यावर कठोर टीका केली. तिथल्या गरिबांचे हाल त्यामुळे थांबले नाहीत, पण निदान वाद कशावर घालायचा हे सर्वांना ठाऊक होते. आपल्याकडे कपात जाहीरच होत नाही. त्यामुळे विरोधी पक्षाला ती दिसत नाही, वर्तमानपत्राला मथळा मिळत नाही, आणि तिचा फटका बसलेल्या माणसाला वाटते की आपल्याच कागदात काही चूक असावी. असे एकटे पडलेले, स्वतःलाच दोष देणारे लाखो लोक आपल्या आजूबाजूला आहेत.

आपण काय मागायचे

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना नवा कायदाही लागत नाही.

आमदारांचे भत्ते आणि सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जसा वाढतो, तशी पेन्शनची रक्कम आणि पात्रतेची उत्पन्नमर्यादा दरवर्षी भावांच्या निर्देशांकाप्रमाणे वाढली पाहिजे. किमान वेतन मिळवणारे कोणतेही कुटुंब रेशनबाहेर राहता कामा नये. नव्या जनगणनेची वाट न पाहता इष्टांक वाढवला पाहिजे. रुग्णालयांची अनुदाने ठरल्या तारखेला गेली पाहिजेत आणि हिशेबाचे वाद रुग्णाला बाहेर न काढता सोडवले पाहिजेत. कुणाचेही नाव यादीतून काढायचे, तर लेखी नोटीस, कारण आणि सुनावणी हवी. काढलेल्या नावांची संख्या वॉर्डनिहाय, दर तीन महिन्यांनी जाहीर झाली पाहिजे. ज्याचा अंगठा उमटत नाही, त्याला त्याच दिवशी धान्य देण्याची जबाबदारी दुकानदाराची आणि कार्यालयाची असली पाहिजे.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांना निवृत्तिवेतन मिळते, अनेकांकडे वेळ आहे, लिहिता-वाचता येते, कार्यालयात जाऊन ठामपणे बोलता येते. गणेशोत्सव मंडळांचे जाळे आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. प्रत्येक मंडळाने आठवड्यातली एक संध्याकाळ दाखले आणि अर्ज यांच्या मदतीसाठी ठेवावी. ज्यांची नावे गेली, त्यांची यादी करावी आणि ती नगरसेवक, आमदार, शिधावाटप अधिकारी यांच्या हाती द्यावी. पुढच्या अंदाजपत्रकाआधी या भागातून असा एक हजार नावांचा कागद मंत्रालयात पोहोचला, तर ही कपात यापुढे अदृश्य राहणार नाही. तेवढे काम आपण सर्वांनी हाती घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.